कारण नको, आकडा सांगा

प्रति,
सार्वजनिक क्षेत्रातील बारा बँकांचे प्रमुख



माझी सगळी नोकरी एका सरकारी बँकेत गेली. कारकून म्हणून लागले, शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. आता आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात बसून लोकांना बँकेच्या तक्रारी लिहून देते, त्यामुळे काउंटरच्या आतले आणि बाहेरचे दोन्ही कानांवर येत असते. पगार, बढती, पाच दिवसांचा आठवडा यांसाठी संघटना आहेत, त्या बोलतील. मला एकच गोष्ट सांगायची आहे. तुमच्या बँकांमध्ये खालची वाईट बातमी वर जायची थांबली आहे, आणि ती तुमच्या आढावा घेण्याच्या पद्धतीने थांबवली आहे. चुकीची विक्री, खोटे आकडे, माणसांचे आजारपण हे सगळे त्याच्या मागोमाग येते.

शाखेत आढावा कसा होतो ते आधी पाहा. संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. कॅश जुळलेली असते, स्ट्राँगरूमला दोन्ही किल्ल्या लागलेल्या असतात, सब-स्टाफ घरी गेलेला असतो. मॅनेजर केबिनमध्ये व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला, बसतो. पडद्याच्या कडेला साठ-सत्तर शाखांचे चौकोन आणि मध्ये क्षेत्रीय कार्यालयाने उघडलेली एक्सेल शीट. हिरव्या ओळी, पिवळ्या ओळी, लाल ओळी. लाल ओळींतल्या शाखा एकेक करून पुकारल्या जातात.

"अनम्यूट करा. इन्शुरन्स आज किती?"

"सर, आज पेन्शनची गर्दी होती. दोघे रजेवर, कॅश काउंटरला मी स्वतः बसलो होतो..."

"कारण नको, आकडा सांगा."

"सर, आज झाले नाही. उद्या दोन करतो."

"दोन कसले? पाच लिहून घेतोय."

पाच लिहिले जातात आणि पुढची शाखा पुकारली जाते.

या अर्ध्या मिनिटात काय घडले ते नीट बघा. पेन्शनच्या दिवशी शाखेत माणसे पुरत नाहीत ही खरी आणि उपयोगाची माहिती होती. ज्याच्या हातात माणसे देणे होते त्याच्यापर्यंत ती पोहोचली होती, पण त्याने ती घेतली नाही. त्याऐवजी दोघांचाही विश्वास नसलेला एक आकडा नोंदला गेला. तोच आकडा क्षेत्रीय कार्यालयातून अंचल कार्यालयात, तिथून मुख्यालयात जातो, वाटेत त्याची बेरीज होते आणि तुमच्या टेबलावर तो 'अपेक्षित व्यवसाय' म्हणून येतो. मॅनेजरने त्या दिवशी एवढे शिकून घेतले की पुढच्या वेळी अडचण सांगायची नाही. बाकीच्या साठ-सत्तर जणांनीही ते न बोलता शिकून घेतले, कारण सगळ्यांसमोर पुकारण्याचा हेतूच तो असतो. महिनाभर असे चालले की त्या क्षेत्रातून वर फक्त 'करतो सर' एवढेच येऊ लागते. तुम्हाला वाटते शिस्त आली. खरे तर तुमचे कान गेलेले असतात.

दुसऱ्या दिवशीचे ते पाच कुठून येतात? आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगते. बँकेचे नाव घेत नाही, कारण नाव बदलून तेच प्रकरण कुठल्याही बँकेला लावता येईल. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर मुदत ठेव नूतनीकरणाला शाखेत गेले. तीन लाखांची ठेव, पत्नीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवलेली. शाखेत त्यांना सांगितले गेले की याच रकमेची 'जास्त व्याजाची स्कीम' आली आहे. त्यांनी दाखवतील तिथे सह्या केल्या. तीन लाखांतला एक लाख दरवर्षी हप्ता भरायच्या विमा पॉलिसीत गेला. दुसऱ्या वर्षी हप्त्याचा एसएमएस आला तेव्हा त्यांना कळले की ही ठेव नव्हे. मिळालेली पॉलिसी तीस दिवसांत परत करता येते, ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. पॉलिसीचा लिफाफा त्यांनी कपाटात जपून ठेवला होता, ठेवीची पावती समजून. सील तसेच होते.

त्यांच्याबरोबर मी शाखेत गेले. पॉलिसी विकणारी अधिकारी चांगली मुलगी होती. घरापासून हजार मैलांवर पोस्टिंग, नोकरीला तीन वर्षे, मराठी शिकण्याचा मनापासून प्रयत्न करणारी. तिने फाइल काढली, तारीख पाहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी लॉगिन डे होता." एवढ्या वाक्यात सगळे आले. लॉगिन डे म्हणजे त्या दिवशी प्रत्येक शाखेतून ठरलेल्या पॉलिसी निघाल्याच पाहिजेत. दुपारी बारा, तीन आणि पाच वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर चेकचा फोटो टाकायचा, आणि ज्यांचा फोटो आला नाही त्यांची नावे ग्रुपवर झळकायची. त्या मुलीच्या हातून चूक झाली आहे आणि तिला ते माहीत आहे. पण तिला त्या टोकाला नेणाऱ्या रांगेत सगळ्यात खालची ती आहे. वरच्या कोणाचीही सही त्या फॉर्मवर नाही.

कमी पैशांतही हेच होते. घरकाम करणाऱ्या एका बाईंच्या दोन बँकांतल्या दोन खात्यांतून जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये दरसाल कापले जात होते. ही योजना एका माणसाला एकाच खात्यावर मिळते. दुसऱ्या खात्यातून कापलेल्या पैशांवर त्यांच्या मुलांना कधीही काही मिळाले नसते. त्यांनी कुठे संमती दिली होती, हे दोन्ही शाखांना सांगता आले नाही. योजना चांगली आहे, गरिबाला दोन लाखांचे संरक्षण मिळते. पण शाखेला नोंदींची संख्या मागितली जाते आणि दाव्यांची कोणी विचारपूस करत नाही, तेव्हा चांगली योजनाही अशी वाया जाते.

या वाटेने एक बँक शेवटपर्यंत गेली आणि त्याचे कागद सगळ्यांना वाचायला उपलब्ध आहेत. अमेरिकेतल्या वेल्स फार्गोत प्रत्येक ग्राहकामागे आठ खाती-कार्डे हे लक्ष्य होते. 'एट इज ग्रेट' असे घोषवाक्यच होते. लॉस एंजेलिस टाइम्सने डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या विक्रीच्या दडपणावर लिहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तेव्हा ग्राहकांना न विचारता उघडलेल्या लाखो खात्यांचा प्रकार जगापुढे आला. पुढच्या वर्षीच्या फेरतपासणीत अशा संशयित खात्यांचा अंदाज सुमारे ३५ लाखांवर गेला. दंड होईपर्यंतच बँकेने या कारणासाठी सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना घरी पाठवले होते. या आकड्यापाशी जरा थांबा. पाच हजारांवर माणसे एकाच प्रकारची लबाडी करत होती आणि वरच्या मंडळींना शेवटपर्यंत वाटत होते की माणसेच वाईट भेटली. एप्रिल २०१७ मध्ये स्वतंत्र संचालकांच्या चौकशीचा अहवाल आला. त्याने बोट ठेवले ते विक्रीच्या पद्धतीवर आणि ती पद्धत चुकत असल्याचे ऐकून न घेणाऱ्या वरिष्ठांवर. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने वेल्स फार्गोच्या वाढीवरच बंधन घातले. ते उठायला जून २०२५ उजाडले.

आपल्याकडचे उदाहरण तुम्हाला ठाऊकच आहे. जनधन खात्यांत शून्य शिल्लक दिसणे वरच्यांना नको होते. सप्टेंबर २०१६ मध्ये इंडियन एक्स्प्रेसने माहितीच्या अधिकारातून उघड केले की एक रुपया शिल्लक असलेली जनधन खाती एक कोटीहून जास्त आहेत. शून्य खात्यांचा आकडा कमी दिसावा म्हणून आपल्याच भत्त्यांतून रुपया भरल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. ज्यांच्यासाठी खाते उघडले त्या माणसांकडे ठेवायला पैसा नाही, ही त्या खात्यांची खरी बातमी होती. धोरण आखणाऱ्यांना तीच कळायला हवी होती. एका रुपयाने ती झाकली गेली.

ग्रामीण शाखेत मार्च काढलेल्या कोणालाही 'नवे-जुने' समजावून सांगावे लागत नाही. शेतकरी ३१ मार्चच्या आधी कुठून तरी, बहुतेकदा सावकाराकडून, चार दिवसांसाठी पैसे उचलतो, पीककर्ज भरतो आणि लगेच नवे कर्ज उचलून सावकाराला परत करतो. मधल्या चार दिवसांचे व्याज शेतकऱ्याच्या अंगावर, आणि बँकेच्या कागदावर वसुली शंभर टक्के. ज्या तालुक्यात पाऊस झाला नाही, सोयाबीन गेले, कापसाला भाव नाही, त्या तालुक्याची वसुली कागदावर उत्तम दिसते. शाखेतल्या प्रत्येकाला खरे माहीत असते. मग ते तुम्हाला का माहीत नाही? मार्चअखेरच्या ठेवींचेही तेच. एखाद्या व्यापाऱ्याला विनवून एका रात्रीपुरती रक्कम खात्यात ठेवून घ्यायची आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती गेली की पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. दरवर्षी ३१ मार्चला ठेवी फुगतात आणि एप्रिलमध्ये ओसरतात हे रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीतही दिसते. हजारो माणसांची वर्षाअखेरची ताकद ज्या कामात जाते त्यातून बँकेला काहीही मिळत नाही.

यावर तुमचे उत्तर मला ठाऊक आहे. २०१७-१८ मध्ये सरकारी बँकांचा एकत्रित तोटा ८५ हजार कोटींच्या घरात होता, २०२४-२५ मध्ये नफा १.७८ लाख कोटींवर गेला. लक्ष्य न देता, मागे न लागता हे झाले असते का? यश मी नाकारत नाही, त्यात तुमचे श्रम आहेत. पण हे यश सुरू कुठून झाले ते आठवा. २०१५ मध्ये रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने मालमत्ता गुणवत्तेची तपासणी लावली. तोपर्यंत बड्या कर्जदारांची बुडीत कर्जे नवी कर्जे देऊन, मुदती वाढवून जिवंत दाखवली जात होती. म्हणजे कोट्यवधींच्या पातळीवरचे नवे-जुनेच. त्या तपासणीने दडवलेली वाईट बातमी जबरदस्तीने ताळेबंदात आणली. मार्च २०१८ मध्ये सरकारी बँकांची ढोबळ अनुत्पादक कर्जे साडेचौदा टक्क्यांवर गेलेली दिसली तेव्हा सगळे हादरले. पण ती दिसली म्हणूनच तरतूद झाली, भांडवल आले, वसुली लागली आणि आजचा नफा उभा राहिला. वाईट बातमी वर येऊ दिल्याचा फायदा तुमच्याइतका कोणाला झालेला नाही. तीच वाट शाखेतून येणाऱ्या बातमीला का बंद ठेवता?

बंद ठेवल्यावर काय होते तेही त्याच काळात मुंबईत दिसले. फोर्टातल्या ब्रॅडी हाउस शाखेतून पंजाब नॅशनल बँकेच्या नावाने वर्षानुवर्षे नियमबाह्य हमीपत्रे जात राहिली. स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून, निघालेले संदेश बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीला जोडलेले नव्हते, त्यामुळे हमी दिल्याची नोंद खात्यांत उमटत नव्हती. ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा रिझर्व्ह बँकेने या धोक्याबद्दल सर्व बँकांना सावध केले होते. जिथे ठरावीक काळाने बदली व्हायलाच हवी, त्या जागेवर एक अधिकारी निवृत्तीपर्यंत राहिला. घोटाळ्याची रक्कम तेरा हजार कोटींच्या पुढे गेली. आणि हे सापडले कसे? जानेवारी २०१८ मध्ये ही हमीपत्रे घेणाऱ्या कंपन्यांची माणसे नव्या हमीसाठी शाखेत आली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे शंभर टक्के मार्जिन, म्हणजे हमीइतकी रोख रक्कम, मागितले. "आम्हाला आधी कधी लागले नाही," असे उत्तर आले. मग जुनी नोंद शोधायला घेतली तर नोंदच नव्हती. त्या प्रश्नाला दोन मिनिटे लागली असतील. आधीच्या वर्षांत तो कोणाच्या मनात आलाच नसेल यावर माझा विश्वास नाही. विचारले तर आपले काय होईल, याचा अंदाज माणसे पहिल्या सहा महिन्यांत बांधतात आणि मग नोकरीभर तो सोडत नाहीत.

नंतर नियम आले, चांगले आले. जुलै २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आगाऊ न कळवता, सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवा, म्हणजे त्याचे काम दुसऱ्याच्या हाती जाईल आणि काही दडले असेल तर दिसेल. मात्र जिथे चार माणसांचे काम दोघे करतात तिथे रजेवरच्या माणसाला तिसऱ्या दिवशी फोन जातो, "पासवर्डचे तेवढे सांग, नाहीतर शाखा उघडणार नाही." फोन करणारा गुन्हेगार नसतो, त्याच्यासमोर रांग उभी असते. मार्च २०२५ मध्ये संघटनांनी पुकारलेल्या संपाच्या मागण्यांत भरती आणि सरकारचे कामगिरी-आढाव्याचे आदेश मागे घेणे या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी होत्या. संप पुढे ढकलला गेला. त्या दोन मागण्यांचा एकमेकींशी असलेला संबंध मात्र तुम्ही नजरेआड करू नये. माणसे कमी आणि आढावे जास्त, या जोडीतून नियम फक्त रजिस्टरमध्ये उरतात.

आता ज्याबद्दल लिहिताना हात थांबतो ते. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या लेखापरीक्षण कंपनीत नुकतीच लागलेली तरुणी गेली, आणि तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. कामगार खात्याचे अधिकारी तिथे गेले तेव्हा त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे आढळले. पुढच्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात एका सरकारी बँकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने कामाचा ताण असह्य झाल्याचे लिहून ठेवून आयुष्य संपवले. त्याने आधीच नोकरी सोडण्याचा अर्ज दिला होता, असे बातम्यांत आले. तो अर्ज म्हणजेसुद्धा वर पाठवलेली एक बातमीच होती. असा अर्ज आला की दुसऱ्या दिवशी कोणी तरी त्या माणसासमोर जाऊन बसेल अशी सोय तुमच्या बँकेत आहे का? फोनवर नाही, समोर.

खालची बातमी वर न जाण्याचा हा आजार ओळखायला सल्लागार कंपन्यांची सर्वेक्षणे लागत नाहीत. कर्मचारी क्रमांक टाकून भरायच्या 'समाधान' फॉर्ममध्ये कोणीही खरे लिहीत नाही. खरी माहिती तुमच्याच संगणकात पडून आहे, फक्त ती कोणी मागवत नाही. शाखानिहाय पाहा की विकलेल्या पॉलिसींपैकी किती जणांनी दुसऱ्या वर्षीचा हप्ता भरला. जिथे निम्म्याहून जास्त लोक पहिल्या हप्त्यानंतर गळतात, तिथे विक्री झालेलीच नाही, फसवणूक झाली आहे, मग ती शाखा शीटमध्ये कितीही हिरवी असो. त्या वर्षी तिला बक्षीस दिले असेल तर ते का दिले, हे स्वतःला विचारा. ३१ मार्चच्या ठेवी १० एप्रिलच्या ठेवींशेजारी मांडा. बदलीचे अर्ज, दीर्घ वैद्यकीय रजा, स्वेच्छानिवृत्ती हे सगळे क्षेत्रीय प्रमुखाच्या नावासमोर लावा, कारण माणसे बहुतेक वेळा बँकेला कंटाळून जात नाहीत, एका साहेबाला कंटाळून जातात, आणि तो साहेब तीन वर्षांनी बढती घेऊन मोठ्या क्षेत्रात जातो. आणि ज्या क्षेत्रातून वर्षभर एकही अडचण, एकही 'हे जमणार नाही' वर आलेले नाही, तिथे सगळ्यात आधी जा. ते क्षेत्र उत्तम चाललेले नाही, ते घाबरलेले आहे.

उपायांचे म्हणाल तर पहिला खर्चाशिवायचा आहे. कामाची वेळ संपल्यावर व्हीसी बंद करा, आणि दिवसा घ्याल तीत पहिला प्रश्न आकड्याचा ठेवू नका. 'या आठवड्यात काय अडले?' हा पहिला प्रश्न, आणि अडले ते कोण, कोणत्या तारखेपर्यंत सोडवणार हे तिथल्या तिथे लिहून घ्या. पुढच्या व्हीसीत आधी त्याचा जाब द्या, मग व्यवसायाचा घ्या. कमी पडलेल्या मॅनेजरशी बोलायचे असेल तर एकट्याशी बोला. चारचौघांत माणसाचा पाणउतारा करून ठेवी वाढत नाहीत. सुरुवातीचे दोन-तीन महिने कोणी काही बोलणार नाही, हे गृहीत धरा. इतक्या वर्षांची भीती परिपत्रकाने जात नाही. मग कोणी तरी धीर करून बोलेल, आणि त्याचे काय होते याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतील. त्या एका माणसाला तुम्ही कसे वागवता यावर पुढचे सगळे ठरेल.

दुसरा उपाय विक्रीचा. पॉलिसी विकल्यावर दहा-बारा दिवसांनी, म्हणजे परत करायची मुदत संपायच्या आत, शाखेशी संबंध नसलेल्या विभागातून ग्राहकाला त्याच्या भाषेत फोन जाऊ द्या. "तुम्ही घेतलेली ही विमा पॉलिसी आहे, ठेव नाही. दरवर्षी इतके भरावे लागतील. ठाऊक आहे ना?" 'नाही' म्हणाला तर पॉलिसी रद्द, पैसे परत, आणि शाखेच्या खात्यातून तो आकडा वजा. साठीच्या पुढच्या ग्राहकांना तरी हा फोन सक्तीचा करा. मॅनेजरचे गुण पहिल्या हप्त्यावर न देता दुसऱ्या हप्त्यावर द्या. एवढे केले तर लॉगिन डे आपोआप बंद पडतील, कारण त्यांतून कोणाला काही मिळणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईतल्या परिषदेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बँकांच्या चुकीच्या विमा विक्रीबद्दल उघड बोलून दाखवले. त्यानंतर क्षेत्रीय कार्यालयांना सूचनापत्रे गेली, आणि त्याच संध्याकाळी जुनीच शीट उघडली गेली. शीट बदलल्याशिवाय पत्राला अर्थ नाही.

गैरप्रकार कळवणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, तो आजवर लागू झालेला नाही. त्याची वाट पाहायची गरज नाही. तक्रार करणाऱ्याची पुढची दोन वर्षे त्याच्या इच्छेविरुद्ध बदली होणार नाही, त्याच्या गोपनीय अहवालाला त्याचा वरिष्ठ हात लावणार नाही, एवढे तुमचे संचालक मंडळ एका बैठकीत ठरवू शकते. मंडळावर कर्मचाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या प्रतिनिधींसाठी जागा आहेत. त्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहू देऊ नका.

तुम्हीही कोणाच्या तरी शीटमधली ओळ आहात, हे मला कळते. दिल्लीहून वित्तीय सेवा विभागाचा आढावा येतो तेव्हा तुम्हालाही आकडा विचारला जातो आणि तुम्हीही बहुधा 'करतो सर' म्हणता. म्हणूनच सुरुवात तुमच्याकडूनच व्हायला हवी. शाखेतल्या तीस वर्षांच्या अधिकाऱ्याने नोकरीची जोखीम घेऊन नाही म्हणावे, अशी अपेक्षा करण्याआधी तुम्ही एकदा दिल्लीत म्हणून पाहा: या शाखांना माणसे नाहीत, हे लक्ष्य खोट्या नोंदींशिवाय पुरे होणार नाही, ते मी खाली पाठवणार नाही. बाराजणांनी मिळून म्हटले तर ऐकावेच लागेल. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँका राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, त्या कंडक्टरांसारख्या आणि घरकाम करणाऱ्या बाईंसारख्या माणसांना बँकेची पायरी चढता यावी म्हणून. ती माणसे आज पायरी चढतात. ठेवीचे पैसे घेऊन विश्वासाने चढतात.

येत्या मार्चच्या आधी तुमच्यापैकी एकाने तरी ज्येष्ठांना पडताळणीचा फोन सुरू करावा आणि संध्याकाळची व्हीसी बंद करावी, ही माझी हात जोडून विनंती आहे. एका बँकेने केले की बाकीच्यांना कारण उरणार नाही.

आणि हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी: घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाटातले बँकेतून आलेले न उघडलेले लिफाफे आज उघडून पाहा. पॉलिसी निघाली आणि हातात पडून तीस दिवस झाले नसतील तर ती कारण सांगून परत करता येते. मुदत गेली असेल तर बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्याला फी लागत नाही. शाखेतल्या मुलामुलींवर आवाज चढवू नका. तक्रारीत त्यांच्या नावाबरोबर एक ओळ जरूर लिहा: ही विक्री झाली त्या दिवशी शाखेला किती पॉलिसींचे लक्ष्य होते, ते बँकेने कळवावे.

कळावे,
एक निवृत्त शाखा व्यवस्थापक